हिशोब मागणे हा द्रोह काय?

निवडणूक आली की आपल्या वस्तीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "तो आपला माणूस आहे, त्याला काय विचारायचे?" केनवडला ऐकू येते, रिसोडला येते, मुंबईच्या चाळीतही येते. बोलणारा प्रामाणिक असतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कोणी विचारले नाही, त्यांच्यातला एकजण खुर्चीवर बसला याचा आनंद त्यात असतो. पण आपल्या माणसाला हिशोब मागणे हा समाजद्रोह होतो काय?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला की, धर्मात भक्तीला जागा असेल. राजकारणातली भक्ती मात्र अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. त्यात 'आपल्या माणसाची भक्ती चालेल' अशी सवलत कोठेही नाही. देव्हारा रिकामा करून त्या जागी पुढारी बसविला, तर आपण बदललो ते काय?

पूर्वी विचारायचे म्हटले तरी हाती कागद नसे. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराची माहिती मिळण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला. संसदेने कायदा करून तो आखडला; १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ते कलम रद्द केले. (एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष तेव्हा कसे एक झाले होते!) आज आमदार-खासदारकीच्या प्रत्येक उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे शपथपत्रात असतात व निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. मागच्या खेपेचे आणि या खेपेचे शपथपत्र शेजारी ठेवावे. पाच वर्षांत मालमत्ता वाढली असेल तर ती कशाने, हे सभेत विचारावे.

मात्र नुसते आकडे मोजून निकाल देऊ नये. नामांतराच्या लढ्यात कित्येक कार्यकर्त्यांवर खटले भरले गेले. मोर्चात पकडलेला आणि खंडणीत पकडलेला, दोघांच्या रकान्यात 'गुन्हा १' असेच लिहिलेले असते. म्हणून कलम कोणते, प्रकरण कशाचे, हे वाचलेच पाहिजे. न वाचता दोष देणे आणि न वाचता जयजयकार करणे, दोन्ही एकाच आळसाची लेकरे होत.

गावापुरते बोलायचे तर सरपंच आणि सदस्यही आपणच निवडून दिलेले. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करावयाचे असतात. ते कोणत्या नालीवर, कोणत्या दिव्यावर खर्च झाले? ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर पंचायतीचा आराखडा व खर्च दिसतो. जे दिसत नाही ते २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते.

विचारणाऱ्याला भीती असते, आणि ती खोटी नव्हे. जमिनींचे गैरव्यवहार उघड करणारे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे खून झाला. ज्याचे पोट दुसऱ्याच्या शेतावर आहे, त्याला "एकट्याने धैर्य दाखव" म्हणणे मला योग्य वाटत नाही. एका अर्जाऐवजी दहा घरांतून दहा अर्ज जावेत. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. १५ टक्क्यांचा प्रश्न आमच्या माता-भगिनींनी तेथेच पहिल्यांदा मांडावा आणि इतिवृत्तात लिहून घ्यावा.