सुंदर अक्षराचा खर्च कोणी सोसायचा?

पाटण तालुक्यातल्या चाफळला समर्थ रामदासांनी १६४८ साली राममंदिर उभारलं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच समर्थांनी दासबोधात अख्खा एक समास हस्ताक्षरासाठी दिला आहे, हे मात्र पारायण करणाऱ्यांच्याही चटकन ध्यानात येत नाही. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास. मायाब्रह्माचा ऊहापोह करणारा ग्रंथ इथे बोरू, शाई आणि समास सोडण्याबद्दल बोलू लागतो.

सूचना अस्सल कारागिराच्या आहेत. अक्षर गोलसर आणि सुटसुटीत हवं, ओळ ओळीला भिडता कामा नये, ग्रंथ संपेपर्यंत वळण बदलू नये. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते कामाला येत नाही. कडेनं जागा सोडावी, म्हणजे कागद झिजला तरी मजकूर वाचेल.

निर्गुणाकडे निघालेल्याला अक्षराच्या देखणेपणाचं काय एवढं? पण सगुणाला बगल देऊन पुढे जाता येत नाही, हीच तर समर्थांची भूमिका. आणखी एक गोष्ट इथे दिसते. सौंदर्याचे सगळे कष्ट लिहिणाऱ्याच्या माथी आहेत. वाचणाऱ्याकडे काहीच मागितलेलं नाही.

वेबवर नेमका हाच हिशेब उलटला. सजावटकार एका ओळीत फॉन्ट निवडतो आणि त्याचा भार वाचकाचा मोबाइल उचलतो. देवनागरीचा फॉन्ट जात्याच जड. युनिकोडमध्ये तिच्या मूळ तक्त्यात १२८ जागा आहेत, पण जोडाक्षरं आणि मात्रांच्या जुळण्या धरल्या की आकार शेकड्यांनी वाढतात. साधा, ठळक, बारीक, जाड असे चार प्रकार घेतले आणि प्रत्येकी १०० केबी धरले, तर ४०० केबी होतात. डोंगराआड रेंज सेकंदाला १०० किलोबिटवर आली, तर नुसत्या अक्षरांसाठी ३२ सेकंद. हा लेख स्वतः सात-आठ केबींचा! एकदा उतरलेला फॉन्ट ब्राउझर साठवून ठेवतो खरा, पण पहिल्यांदा येणाऱ्याला त्याचा काय उपयोग? उलट फॉन्टची वाट पाहताना बरेच ब्राउझर तीनेक सेकंद मजकूरच लपवतात. शब्द फोनमध्ये पोहोचलेले असतात, दिसत मात्र नाहीत. वेदान्ताच्या प्रवचनात दृष्टान्त म्हणून सहज खपेल.

म्हणून फॉन्टच नकोत, असं म्हणणं आळशीपणाचं. युनिकोड रुळण्याआधी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळं वाचायला त्यांचे फॉन्ट उतरवून घ्यावे लागत, नाहीतर पडद्यावर नुसती चिन्हं उमटत. ती कटकट गेली, पण आयत्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ पुष्कळदा हिंदी वळणाचे येतात. वाचता येतं, पण घरचं वाटत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या गटानं मुक्त परवान्यानं दिलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट म्हणूनच मोलाचे.

प्रश्न घाम कोणी गाळायचा, एवढाच आहे. चारऐवजी एकच प्रकार ठेवावा, फाईल वॉफ-२ या दाबून बसवलेल्या स्वरूपात द्यावी, सजावटीचा फॉन्ट फक्त मथळ्याला लावावा. ‘फॉन्ट-डिस्प्ले: स्वॅप’ लिहिलं की मजकूर आधी फोनच्याच अक्षरात दिसतो आणि फॉन्ट मागाहून येतो. मात्र तो येताच ओळी उड्या मारतात, वाचकाची जागा हरवते. ते टाळायला दोन्ही फॉन्टची मापं आधीच जुळवावी लागतात. फाईल हलकी करण्याच्या नादात ‘दऱ्या’मधला अर्धा र छाटला गेला नाही ना, हेही एकेक जोडाक्षर उघडून पाहावं लागतं. या कामाला एखादी दुपार सहज जाते, आणि ती सजावटकाराचीच जायला हवी.