आवाहन झालं, उत्तरपूजा कोण करणार?

हळदीच्या मांडवात एकवीरा आईचं गाणं लागलं की अर्ध्यावर कुणाच्या ना कुणाच्या अंगात येतं. बहुतेक वेळा दिवसभर वड्यांच्या पिठात हात घालून दमलेली एखादी मावशी असते. केस सुटतात, ती घुमायला लागते, बायका हळद-कुंकू घेऊन धावतात, आणि सगळा मांडव माझ्याकडे, म्हणजे डीजेकडे, बघतो. आता वाजवायचं की थांबवायचं? मी राहतो कल्याणजवळ शहाडला, सुपाऱ्या घेतो मोहने, आटाळी, वडवली या पट्ट्यात. कंट्रोलर कसा चालवायचा हे कुणीही शिकवतं. हे कुणी शिकवत नाही.

त्यामागचा प्रश्न तर आणखी अवघड आहे. देवी आली असं धरून चालू. पण तिला आणलं कुणी? गाण्यातला संबळ कुठल्यातरी स्टुडिओत एकाने वाजवला, दुसऱ्याने त्याचा तुकडा कापून खाली किक जोडली आणि तो पेन ड्राइव्हवरून माझ्यापर्यंत आला. गोंधळ्याकडे संबळ परंपरेने येतो. गळ्यात कवड्यांची माळ घालून देवीपुढे उभं राहायचा त्याचा मान आहे. माझ्या गळ्यात हेडफोन. मग त्या मावशीला माझ्या फेडरने हलवलं, गोंधळ्याच्या हाताने, की तिसऱ्याच कुणी?

‘हाउस’ हे क्लबातलं नाचाचं संगीत वाजवणाऱ्यांना हा पेच नवा नाही. लुई वेगा हा माझा आवडता डीजे. 1965 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात पोर्तोरिकन घरात जन्मलेला. वडील सॅक्सोफोन वाजवणारे, साल्साचा बडा गायक हेक्टर लावो नात्यातला. शिकागोच्या ‘वेअरहाउस’ क्लबात फ्रँकी नकल्सने 1977पासून जे वाजवलं त्यातून हाउस उभं राहिलं. लुई वेगाने त्यात आपल्या घरातले ढोल आणले. केनी गोन्झालेझबरोबरची त्याची ‘मास्टर्स ॲट वर्क’ ही जोडी, 1997चा ‘न्यूयोरिकन सोल’ हा आल्बम, 2006 साली रिमिक्ससाठी मिळालेलं ग्रॅमी, ही त्याची कमाई. मला मात्र त्याचं 1994चं ‘लव्ह अँड हॅपिनेस’ सोडवत नाही. त्यात इंडिया नावाची गायिका येमाया आणि ओशुन यांना साद घालते.

या दोघी देवी आहेत. येमाया समुद्राची, ओशुन नदीची. आफ्रिकेतून गुलाम म्हणून क्युबात नेलेल्या योरुबा लोकांनी त्यांना कॅथलिक मेरीच्या मूर्तीआड जपलं. त्या पूजेत ‘बाटा’ नावाचे तीन दुतोंडी ढोल लागतात. विधी करून सिद्ध केलेल्या ढोलात देवत्व असतं अशी श्रद्धा आहे, दीक्षा नसलेल्याने त्यांना हात लावायचा नसतो. तिथेही देवी भक्ताच्या अंगात येते. आणि लुई वेगाने त्या देवींना मिनिटाला सव्वाशेच्या आसपासच्या ठोक्यांवर बसवून नाचायच्या जागी आणलं! ढोलाला दीक्षेची अट घालता येते. रेकॉर्डला कोण घालणार?

आमचे वडील रेयॉन कंपनीत होते. ड्युटी सुटली की शहाडच्या बिर्ला मंदिरात विठोबापुढे टाळ धरायचे. अंगात येण्यावर त्यांचा निकाल एका वाक्याचा: विठोबा कुणाच्या अंगात येत नाही. तो विटेवर उभा, नाचायचं आपण, तेही भान ठेवून. अंधश्रद्धा निर्मूलन समितीवाले म्हणतील, मनात दाबलेलं ठोक्याबरोबर वर येतं, आणि मांडवातल्या सासुरवाशिणी बघितल्यावर हे मला खोटं म्हणवत नाही. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोख अंगात आल्याचं भासवून फसवणाऱ्या-धमकावणाऱ्यांवर आहे; हळदीत घुमणारी मावशी कुणाला काय फसवते? तिला तर उद्या सकाळी पुन्हा चुलीपुढे बसायचंय.

म्हणून ‘खरं की खोटं’ या वादात मी पडत नाही. माझ्यापुरता प्रश्न कामाचा आहे, आणि तो सोडवला आटाळीच्या एका म्हातारीने. मी कंट्रोलरकडे हात नेताना ती ओरडली, “यकदम बंद नको करू रं बाला, उतरव तिला हलूहलू!”

त्या ‘उतरव’मध्ये सगळं आलं. आपल्याकडे पूजेला आवाहन असतं तशी उत्तरपूजाही असते. गोंधळात आधी ठिकठिकाणच्या देवतांना बोलावतात, शेवटी आरती होते. वडिलांचं भजनही रूपाच्या अभंगाने उभं राहून पसायदानाने बसायचं. बोलावणं आणि निरोप, दोन्ही एकाच माणसाच्या हातात. यंत्राने बोलावणं तेवढं स्वस्त केलं, निरोपाची विद्या गोंधळ्याकडेच राहिली. मावशी घुमत असताना त्याच ठोक्यावरून थेट आयटम साँगवर उडी मारणारी पोरं मी बघितली आहेत. बाई धाडकन खाली बसते, डोळे उघडते तेव्हा भोवती शिट्ट्या चाललेल्या असतात. देव असो वा नसो, हे पाप आहे.

मी काय करतो? आधी बेस काढतो. मग किक. नुसता संबळ राहतो, त्याची लय थोडी थोडी खाली आणतो, आवाज बसवतो. मावशीचा श्वास जागेवर आला, कुणी तिला पाणी दिलं, की मगच पुढचं गाणं. दहाला पोलीस येणार असले तरी हा वेळ मी कापत नाही. फिल्टर हळू फिरवायचा हा हात लुई वेगाचे सेट ऐकून बसला; तो कशासाठी फिरवायचा, ते म्हातारीने सांगितलं.

देवी माझ्यामुळे येते असं मी मानत नाही. पण ती आली, किंवा आली असं एका बाईला वाटलं, तर तिला नीट पोचवायची जबाबदारी वाजवणाऱ्याची, दीक्षा असो वा नसो. तेव्हा हळदीला डीजे ठरवताना टॉप किती, बेस किती एवढंच विचारू नका. देवीचं गाणं उतरवता येतं का, तेही विचारा, आणि येत नसेल तर त्याला ते लावू देऊ नका.