नेमकं तेवढंच

आपल्याकडे बाईच्या गर्भपिशवीच्या बाबतीत दोनच गोष्टी घडताना दिसतात. एक तर वर्षानुवर्षं कुणी तपासत नाही, नाही तर ती काढूनच टाकतात. या दोन टोकांच्या मध्ये एक लहानसा, मोजूनमापून केलेला उपाय आहे, हे माझ्यावर वेळ आली तेव्हा मला नीट कळलं.

मला त्रास काहीच नव्हता. पॅप तपासणीत गर्भाशयमुखाच्या पेशी बिघडलेल्या दिसल्या, मग कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून पाहणी झाली, तुकडा तपासायला गेला. अहवालात लिहून आलं, ‘सीआयएन ३’. पेशींचं रूप बदललं होतं, पण त्या वरच्या थरातच होत्या, खाली उतरल्या नव्हत्या. म्हणजे कर्करोग नव्हे, त्याच्या आधीची पायरी. घरी कळल्यावर थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, “दोन मुलं झाली, आता पिशवीचं काम काय? काढून टाक आणि मोकळी हो.” त्या मायेनंच बोलत होत्या. त्यांची स्वतःची पस्तिशीतच काढली होती. कशासाठी, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, “जेवढं बिघडलंय तेवढंच काढू.” या उपचाराला त्या ‘लीप’ म्हणत होत्या.

उपचाराच्या दिवशी समोरच्या पडद्यावर मी सगळं पाहिलं. ॲसेटिक ॲसिडचा बोळा लावल्यावर मिनिटभरात गर्भाशयमुखावर पांढरा डाग उमटला. मग आयोडीन लावलं. निरोगी भाग गडद तपकिरी झाला आणि डाग तेवढा पिवळट राहिला, कडा स्पष्ट दिसतील असा. भूल फक्त त्या जागेपुरती. इंजेक्शन दिल्यावर छाती धडधडली. औषधामुळे तसं होतं, हे सिस्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मग बारीक तारेचं अर्धगोल कडं, त्यातून वाहणारी वीज, धूर ओढून घेणाऱ्या यंत्राची घरघर, किंचित जळका वास. कडं डागाच्या एका बाजूनं आत गेलं, दुसऱ्या बाजूनं बाहेर आलं. रक्त थांबवायला लेप लावला. सगळं मिळून पाव तास, आणि त्याच दिवशी घरी. पुढचे काही आठवडे पाण्यासारखं, मधूनच तपकिरी अंगावरून जात राहिलं. तेवढ्या काळात जड उचलायचं नाही, संबंध ठेवायचा नाही.

या उपचाराचा सगळा कस मापात आहे. कमी काढलं तर बिघडलेल्या पेशी कडेला राहतात. फार खोल काढलं तर पुढच्या बाळंतपणात दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याचा धोका वाढतो. अगदी सौम्य बदल पुष्कळदा आपोआप मावळतात, तिथे बहुधा लक्ष ठेवणं पुरतं. मुळाशी असतो एचपीव्ही हा विषाणू. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेकांना तो आयुष्यात कधी तरी गाठतोच, त्यामुळे त्यावरून कुणाच्या चारित्र्याची चर्चा करणं निव्वळ अन्याय आहे. बहुतेकींचं शरीर त्याला परतवून लावतं. ज्यांच्यात तो टिकतो, त्यांच्यातही कर्करोग व्हायला सहसा दहा-पंधरा वर्षं लागतात. उपचाराला एवढा अवधी देणारे कर्करोग फार थोडे.

हा अवधी आपण कसा वापरतो? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची शासकीय पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. अनेकींना कर्करोगाची भीती घातली गेली होती. खाडा परवडत नाही, फडात पाण्याची-आडोशाची सोय नाही, अशा बाईला ती भीती पटकन पटते. सोबत अंडाशयही गेलं तर ऐन तरुणपणी पाळी गेल्यासारखी अवस्था होते, हाडं झिजू लागतात.

आणि शेजारच्याच उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला होता. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होतं. तिशी ते साठीच्या दरम्यानच्या सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रिया त्यात होत्या. ज्यांच्यात बदल सापडले, त्यांच्यावर गोठवण्याचा किंवा तारेच्या कड्याचा उपचार झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्हीची एकच तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले होते. हे ज्ञान आपल्याच मातीत, आपल्याच बायकांच्या सहभागातून उभं राहिलं. ते शेजारच्या जिल्ह्यातल्या बाईपर्यंत पोचू नये, याचं मला फार दुःख होतं.

कधी कधी पिशवी काढावीच लागते, हे मला मान्य आहे. पण तो निर्णय अहवाल पाहून व्हावा, भीतीपोटी नव्हे. लहान उपचारानंतरही ठरल्या वेळी पुन्हा तपासणीला जावं लागतं, मीही जाते. पिशवी काढायला सांगितलेल्या प्रत्येकीला मी तीन प्रश्न विचारायला सांगते. तुकडा तपासला का? बदल कुठल्या पायरीचे आहेत? याहून कमी काढून भागेल का? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. शरीर तिचं आहे, उत्तर मिळणं हा तिचा हक्क आहे, आणि ते मिळेपर्यंत संमतीच्या कागदावर सही करायची नाही.