निवांत वाट कुणाच्या वाट्याची?

सायकल हे आपल्याकडे दीर्घकाळ गरजेचे वाहन होते. शिक्षक, टपालवाला, दूधवाला, गिरणीकामगार यांचा दिवस तिच्यावाचून उगवत नसे. गेल्या काही वर्षांत तिला दुसरा एक अवतार लाभला आहे. शहरातील सुस्थित माणूस जाड टायरांची, महागडी सायकल घेऊन डांबरी रस्ता मुद्दाम टाळतो आणि मोटारींचा वावर नसलेल्या खडीच्या, मुरमाच्या वाटा शोधतो. द्राक्षबागांमधून, नदीच्या काठाकाठाने जाणारी वाट सापडली तर त्याच्या आनंदाला पारावार राहत नाही. हा आनंद खरा आहे. त्याची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. तथापि त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्या वाटेची निवांतता आपण उपभोगतो, ती कशामुळे टिकून आहे? आणि ती तशीच टिकावी, अशी मागणी करण्याचा अधिकार आपणांस कितपत पोहोचतो?

अशा वाटांचा प्रदेश काचीगुड्याच्या मराठी माणसाला फारसा परका नाही. १९१६ साली उभ्या राहिलेल्या आपल्या स्थानकातून मनमाडच्या दिशेने निघालेली गाडी निजामाबादच्या पुढे बासरजवळ गोदावरी ओलांडते आणि नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर अशी मजल मारीत मनमाड गाठते. तेथून नैर्ऋत्येस निफाड, दिंडोरी, नाशिक हा द्राक्षांचा मुलूख पसरला आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. तेथील पाणथळीला २०२० साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रात तो मान प्रथम तिलाच लाभला. बंधाऱ्यापासून निघणाऱ्या कालव्यांच्या कडेने पाटकऱ्यांच्या ये-जा करण्याच्या मातीच्या वाटा आहेत, आणि त्यांना ठिकठिकाणी शेतशिवारातील पाणंद रस्ते येऊन मिळतात. २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. पुढे विंचूर, दिंडोरी या भागांत वाइननिर्मितीने मूळ धरले आणि तिच्या पाठोपाठ पर्यटकही आला. जानेवारीच्या सकाळी एका बाजूस पाणी, दुसऱ्या बाजूस मांडवावर चढलेल्या वेली आणि मध्ये चाकाखाली करकरणारा मुरूम, असे सुख शहरवासीयास दुर्मीळच.

आता हीच वाट बागायतदाराच्या नजरेने पाहू. ऑक्टोबरमधील गोडी छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की डाऊनीसारखा बुरशीजन्य रोग बागेवर झडप घालण्याची भीती असते. अशा वेळी फवारणी तातडीने करावी लागते, आणि नेमक्या त्याच वेळी पाणंद चिखलाने भरलेली असते. ट्रॅक्टर रुतला व दोन दिवस गेले तर वर्षाचे पीक धोक्यात येते. पुढे फळ तयार झाल्यावर उलट संकट. वाळलेल्या मुरमाची धूळ कडेच्या घडांवर बसते, मण्यावरचा नैसर्गिक पांढुरका थर मलिन होतो आणि माल निर्यातीच्या प्रतीतून उतरतो. पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून कामाला येणारे मजूर याच वाटेने बागेत पोहोचतात. रात्री-अपरात्री वस्तीवरच्या बाळंतिणीला न्यायचे झाले तर वाहन याच वाटेवर अडखळते. शाळेला जाणारी मुलगीही येथे सायकलच चालवीत असते. फरक इतकाच, की पावसाळ्यात चिखल लागला म्हणून तिला दुसरी वाट निवडता येत नाही.

म्हणजे आपण जिला ‘निर्मनुष्य’ म्हणतो ती वाट माणसांनी आणि त्यांच्या कामांनी गजबजलेली असते. आपण ज्या घटकेला तेथून जातो, त्या घटकेला ती माणसे आपल्या दृष्टीस पडत नाहीत, एवढेच. शिवाय खेड्यातील वाट सहजासहजी मिळालेली नसते. शेताकडे जाण्यास बांधावरून रस्ता मिळावा म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करावे लागतात. वहिवाटीचा रस्ता कुणी अडविला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चा आधार घ्यावा लागतो. भावाभावांत बांधाच्या वादाने उभा दावा मांडला गेल्याची उदाहरणे प्रत्येक गावात सापडतील. इतक्या खटाटोपाने पदरी पडलेल्या वाटेवर डांबर किंवा खडीकरण यावे, असे तिच्या धन्याला वाटले तर त्यात गैर काय?

परंतु दुसरी बाजूही तितकीच बळकट आहे व ती नीट मांडली पाहिजे. इटलीतील तोस्काना प्रांतात द्राक्षांच्या टेकड्यांमधून पांढऱ्या खडीचे जुने रस्ते जातात. ते एकामागून एक डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा त्यांचे रक्षण व्हावे म्हणून १९९७ साली गायोले या गावी ‘एरोइका’ नावाची सायकलफेरी सुरू झाली. जुन्या धाटणीच्या सायकली घेऊन लोक त्या रस्त्यांवरून जाऊ लागले. रस्ता ही केवळ माल वाहण्याची सोय नसून प्रदेशाच्या रूपाचा व स्मृतीचा भाग आहे, हा विचार त्यामागे होता. तो आम्हांस मान्य आहे. डांबर आले की वेग येतो, आणि वेगाच्या मागोमाग भूखंडांच्या जाहिराती येतात.

हैदराबादकरांना तर हे दुरून ऐकण्याची गरज नाही. ‘अनाब-ए-शाही’ या लांबट, रसाळ द्राक्षाची ख्याती एकेकाळी याच शहराच्या परिसरातून पसरली. शहर वाढले, रस्ते रुंदावले, जमिनीचे मोल फळाच्या मोलाला कैकपटींनी मागे टाकून गेले, आणि बागांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. राजेंद्रनगरच्या द्राक्ष संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी तेवढी या वैभवाची खूण राहिली आहे. तेव्हा निफाड-दिंडोरीच्या वाटांविषयी सायकलस्वाराला वाटणारी भीती अकारण आहे, असे कोण म्हणेल?

येथे इच्छा आणि दावा यांत भेद करणे आम्हांस आवश्यक वाटते. वाट मुरमाचीच राहावी अशी इच्छा बाळगण्यास कुणाची हरकत असणार नाही. पण तिचे रूपांतर दाव्यात होते, तेव्हा त्या दाव्याची किंमत कोण मोजणार, हे विचारले गेले पाहिजे. सायकलस्वार वर्षातून दोन-चार सकाळी तेथे येतो. धूळ, चिखल व विलंब यांचा भार मात्र गाव बारमाही वाहते. ज्याने भार वाहायचा नाही त्याने तो इतरांना वाहण्यास सांगावे, आणि त्याला सौंदर्यप्रेम किंवा निसर्गरक्षण असे नाव द्यावे, हे न्यायाला धरून नाही.

याउलट फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात १९९७ सालीच झिव्री ते क्लुनी अशी द्राक्षमळ्यांतून जाणारी वाट पादचारी व सायकलस्वारांसाठी खुली झाली. ती बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर बांधलेली आहे. ज्या जागेचा मूळ उपयोग संपला होता, ती सार्वजनिक खर्चाने सर्वांच्या उपयोगी आणली गेली. कुणाच्या गरजेची वाट त्यासाठी अडवून धरावी लागली नाही. दोन्ही ठिकाणी हवी असलेली निवांतता एकच. ती कुणाच्या वाट्यातून घेतली जाते, यावर तिची नैतिक प्रत ठरते.

बागा वाचाव्यात असे खरोखर वाटत असेल, तर विरोध कशाला करायचा हेही नीट ओळखले पाहिजे. अनाब-ए-शाहीच्या बागा गावाच्या पाणंदीवर खडी पडल्यामुळे उजाड झाल्या नाहीत. शेती परवडेनाशी होणे आणि शेतजमिनीचा बिगरशेती व्यवहार सोपा होणे, या दोन गोष्टींनी बाग मोडते. फळाला रास्त भाव मिळावा, नदीकाठची जमीन वसाहतींच्या घशात जाऊ नये, यासाठी शहरातील ग्राहक व मतदार म्हणून आपणांस पुष्कळ करता येईल. ते करणे कष्टाचे आहे. त्या मानाने गावाच्या डांबरी रस्त्यावर टीका करणे फारच स्वस्त.

आणि निवांतता मागायचीच तर ती प्रथम स्वतःच्या शहरात मागावी. २०२३ साली हैदराबादच्या बाह्य वर्तुळमार्गालगत सौर छप्पर असलेला २३ किलोमीटरचा सायकलमार्ग सुरू झाला. उपक्रम स्वागतार्ह आहे. पण काचीगुड्यातील माणसाने तेथे सायकल चालवायची तर आधी सारे शहर ओलांडून जायला हवे. भल्या पहाटे वृत्तपत्रे टाकणारा मुलगा आणि दुकानात कामाला जाणारा मजूर यांना मात्र काचीगुडा ते सुलतान बझार एवढ्या अंतरातही बसगाड्या व रिक्षांच्या गर्दीतूनच सायकल काढावी लागते. शहरातील एखादी गल्ली मोटारींना बंद करावी म्हटले, तर आपल्यापैकी किती जण स्वतःची मोटार घरी ठेवण्यास तयार होतील? येथे किंमत आपल्याला मोजावी लागते. म्हणून येथली मागणी प्रामाणिक ठरते.

कालव्याकाठच्या वाटेवर सायकल चालवू नये, असे आम्ही म्हणत नाही. अवश्य चालवावी. समोरून ट्रॅक्टर आला तर खाली उतरून बाजूला व्हावे, फवारणी चालू असेल तेथून परत फिरावे, बागेच्या बांधावर पाय ठेवण्यापूर्वी विचारावे. त्या गावाने ग्रामसभेत वाट मुरमाचीच ठेवण्याचे ठरविले, तर आनंदाने पाठिंबा द्यावा. डांबर टाकण्याचे ठरविले, तर तोही त्यांचा अधिकार मानावा आणि पुढच्या हिवाळ्यात त्याच डांबरी वाटेने, ट्रॅक्टरला जागा देत, नदीपर्यंत जावे.