धुराचे प्रायश्चित्त

गृहस्थाच्या स्वयंपाकघराविषयी आपल्या धर्मशास्त्राचे मत कधीच सर्वस्वी अनुकूल नव्हते. घरात पाच ठिकाणी नकळत जीवहिंसा घडते असे मनुस्मृतीने सांगितले आणि त्या पाचांत पहिले नाव चुलीचे घेतले. पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही तिच्यामागून येतात. या दोषाच्या निष्कृतीसाठी पंचमहायज्ञांची योजना झाली खरी. परंतु चूल विझवून टाका, अन्न शिजवूच नका, असे कोणत्याही स्मृतिकाराने गृहस्थाला बजावले नाही. दोष नित्य घडणार, म्हणून निष्कृतीही नित्य हवी, एवढेच त्या व्यवस्थेचे म्हणणे होते. आणि तीत गृहस्थाश्रमाविषयी जी समजूतदार सहानुभूती आहे, ती मला संन्यासाच्या साऱ्या स्तुतिस्तोत्रांपेक्षा अधिक मोलाची वाटते.

शहरातल्या गृहस्थाच्या घरून लाकडे आणि गोवऱ्या गेल्या, तरी फोडणी काही गेली नाही. तिच्या धुराची निष्कृती करण्याचे काम आता शेगडीच्या वर टांगलेल्या एका विद्युत् पेटीकडे सोपविलेले असते. या पेटीच्या दोन जाती आहेत. एक जात ओढलेला धूर नळीवाटे भिंतीबाहेर नेऊन सोडते. तिच्यापुढे शेजाऱ्याचा प्रश्न आहे, तत्त्वज्ञानाचा फारसा नाही. दुसरी जात, जिला बाजारात डक्टलेस चिमणी म्हणतात, ती मात्र खोलीतली हवा ओढून, गाळून, पुन्हा त्याच खोलीत सोडते. दर्शनी भिंतीला भोक पाडण्यास सोसायटीची मंजुरी मिळत नाही, किंवा स्वयंपाकघर इमारतीच्या पोटात दडलेले असते, म्हणून लोक नाइलाजाने हिच्याकडे वळतात; आणि नकळत एका फार जुन्या प्रश्नाच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहतात. जे आत घेतले तेच परत दिले, तर मधल्या मध्ये शुद्ध काय झाले? आणि जे अशुद्ध होते, ते गेले कोठे?

प्रथम यंत्राची हकिगत सांगितली पाहिजे. पंख्याने खेचलेली हवा आधी धातूच्या जाळीतून जाते. जाळीत तारांचे थर असे रचलेले असतात की हवेला वळणे घेत जावे लागते. हवा वळते, परंतु तिच्याबरोबर निघालेले तेलाचे सूक्ष्म थेंब जडत्वामुळे वळू शकत नाहीत, तारांवर आदळतात आणि तेथेच चिकटून राहतात. दोन महिने न धुतलेली अशी जाळी उतरवून उजेडाकडे धरावी: छिद्रे बुजत आलेली, तारांवर पिवळट-तपकिरी लेप, त्यात अडकलेले पिठाचे कण, मोहरीचे एखादे टरफल, एखादे चिलट, आणि कडेला, पेटीच्या ओठावर, पडू की नको अशा बेतात लोंबणारा तेलाचा थेंब. ही जाळी कडकडीत पाण्यात सोडा किंवा भांड्यांचा साबण घालून भिजविली, घासली आणि पूर्ण वाळवून बसविली की पुन्हा पहिल्यासारखी होते. तिच्याबाबत शास्त्रार्थ करण्यासारखे काही नाही.

शास्त्रार्थ आहे तो तिच्यामागच्या कोळशाविषयी. तेलाशी त्याला कर्तव्य नाही. त्याचा अधिकार गंधावर. हा कोळसा बहुधा नारळाच्या करवंटीचा असतो, आणि आठशे ते हजार अंश सेल्सिअस उष्णतेवर वाफेच्या संगतीत तापवून त्याच्या अंगाला असंख्य सूक्ष्म विवरे पाडलेली असतात. अशा एका ग्रॅम कोळशाच्या आतला पृष्ठभाग सुमारे १,००० चौरस मीटर भरतो, म्हणजे सात-बाराच्या हिशेबाने जवळजवळ दहा गुंठे जमीन चिमटीत मावते. कोळशाचा हा गुण काही आजचा नव्हे. १७८५ साली रशियात लोव्हिट्झ या रसायनज्ञाला द्रावणांचा रंग कोळसा शोषून घेतो असे आढळले, आणि पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून सैनिकांचे प्राण वाचविण्यासाठी मुखवट्यांत हाच कोळसा भरला गेला. अमेरिकेत त्यासाठी करवंट्या आणि फळांच्या कोयी गोळा करण्याची मोहीमच निघाली होती. खंदकातून तो स्वयंपाकघरात आला. ज्या नारळाचे खोबरे वाटणात पडून दरवळ उठविते, त्याच नारळाची करवंटी जळून तो दरवळ टिपून घेते, हा योगायोग एखाद्या निरूपणकाराच्या हाती लागला असता तर त्याने अख्खी रात्र रंगविली असती.

आता आपल्या दर्शनकारांकडे वळू. वैशेषिकांच्या मते गंध हा केवळ पृथ्वीचा गुण. वायूला रूप नाही, गंध नाही, त्याचा गुण स्पर्श. वाऱ्याबरोबर सुगंध येतो असे आपण म्हणतो, तेव्हा तो वायूचा नसून त्याने वाहून आणलेल्या पार्थिव कणांचा असतो, असे ते सांगतात. चिमणीतला कोळसा या मताच्या बाजूने जणू साक्षच देतो: कण काढून घेतले की वायू निर्गंध. मग असा सिद्धांत बांधावासा वाटतो की वायू मुळातच शुद्ध होता, मळ हा आगंतुक पाहुणा होता, तो गेला आणि घरधनी आपल्या मूळ स्वरूपात राहिला. वेदान्त्यांना हे ऐकून फार आनंद होईल.

परंतु हा आनंद घाईचा आहे. शेगडी पेटते तेव्हा वासाखेरीज आणखीही पुष्कळ काही निर्माण होत असते. पाण्याची वाफ असते, उष्णता असते, ज्वलन अपुरे झाले तर कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि ज्वाळेच्या उष्णतेने नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. यांपैकी वाफ आणि उष्णता तो कोळसा अडवीत नाही. कार्बन मोनॉक्साइड तर सरळ त्याच्या हातावर तुरी देऊन निघून जातो, आणि तो वायू स्वतः निर्गंध असल्याने त्याची फिर्याद नोंदविणाराही कोणी नसतो. म्हणजे या गाळणीतून नेमके नाहीसे झाले ते दोषांपैकी नाकाला कळणारे तेवढेच. न्यायालयाच्या भाषेत सांगायचे तर मुद्देमाल जागच्या जागी राहिला आणि साक्षीदार तेवढा गायब झाला. साक्षीदाराची किंमत काय असते, हे गॅसच्या व्यवहारात माणसांनी जबर मोल देऊन जाणले आहे. १९३७ साली टेक्सासमधील न्यू लंडन गावच्या शाळेत गंधहीन नैसर्गिक वायू साचून स्फोट झाला आणि शेकडो मुले-माणसे दगावली. त्यानंतर इंधनवायूत मुद्दाम दुर्गंध मिसळण्याचे कायदे झाले. आपल्या घरच्या सिलिंडरमधला तो सडकट वास वायूचा नव्हे, हेतुपुरस्सर नेमलेल्या पहारेकऱ्याचा आहे. (तो वास आला असता चिमणीचे बटण दाबून हवा साफ करू पाहणे हा आत्मघात होय. बटण कोणतेच दाबू नये. रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्या.)

तेव्हा वास जाणे आणि शुद्ध होणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. हा भेद आपल्या निबंधकारांना अपरिचित नव्हता. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात असा विचार आहे की अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने नाहीसे होते. जाणूनबुजून केलेल्याच्या बाबतीत मात्र कर्ता वचनाच्या बळावर केवळ व्यवहाराला योग्य ठरतो. यावर विज्ञानेश्वराने, म्हणजे चालुक्य विक्रमादित्याच्या राजवटीत कल्याणीस बसून मिताक्षरा लिहिणाऱ्या त्या कुशाग्र पंडिताने, पापाच्या दोन शक्ती मानल्या आहेत: एक नरकाला नेणारी, दुसरी लोकव्यवहार रोखणारी. प्रायश्चित्ताने दुसरी हटली म्हणून पहिलीही हटलीच असे मानण्याचे कारण नाही. ज्याच्या हातचे पाणी चालेनासे झाले होते त्याच्या हातचे ते चालू लागेल. पुढचा हिशेब त्याचा त्याला द्यावा लागेल. डक्टलेस चिमणीतून परतणाऱ्या हवेचे याहून यथार्थ वर्णन मला तरी ठाऊक नाही. ती हवा व्यवहार्य झालेली असते. पाहुण्यांना बैठकीत बसवावे, पडदे-गाद्यांना वास लागू नये, इतपत ती चालते. तिला शुद्ध म्हणणे मात्र विज्ञानेश्वराने मान्य केले नसते.

मग मळ गेला कोठे, या प्रश्नाला वैशेषिकांपेक्षा जैन आचार्यांनी अधिक सडेतोड उत्तर दिले आहे. त्यांच्या मते कर्म हा एक प्रकारचा सूक्ष्म पुद्गल, म्हणजे द्रव्यच आहे. तो जीवाकडे वाहत येतो तो आस्रव, चिकटतो तो बंध. नवा येऊ न देणे हा संवर, चिकटलेला झाडून टाकणे ही निर्जरा. बंधाला कारण कषाय: क्रोध, मान, माया, लोभ. कुंदकुंदाचार्यांनी समयसारात अंगाला तेल चोपडून धुळीच्या जागी व्यायाम करणाऱ्या पुरुषाचे उदाहरण घेतले आहे आणि धूळ चिकटते ती व्यायामामुळे नव्हे, तेलामुळे, असा निर्णय दिला आहे. चिमणीची जाळी एकदा हातात घेतली की या निर्णयावर वेगळे भाष्य लागत नाही. शिवाय बंधाला स्थिती असते, म्हणजे चिकटलेले कर्म किती मुदतपर्यंत राहील हे ठरलेले असते. मुदत भरली की ते उदयाला येते.

कोळशाच्या बाबतीत ही मुदत साधारण तीन ते सहा महिन्यांची सांगतात, आणि रोज तळण व खमंग फोडण्या असणाऱ्या घरी ती लवकरच भरते. विवरे भरून गेली की कोळसा नवे घेणे थांबवितो, एवढेच नव्हे, उष्ण दमट हवा लागली की पूर्वी घेतलेले परत देऊ लागतो. एका परिचितांच्या घरी साधे वरण शिजत असताना मागच्या आठवड्यातल्या लसणीच्या फोडणीचा वास येई, म्हणून त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावले होते. त्या तरुणाने पातळ कागदाचा कपटा जाळीखाली धरला. तो वर जाऊन घट्ट चिकटून राहिला. पंख्याची ओढ शाबूत होती, तेव्हा दोष ओढीचा नव्हे. मग त्याने विचारले, “काकू, कार्बन कधी बदललात?”

“बदलायला कशाला हवा? जाळीबरोबर दर रविवारी गरम पाण्यातून काढते की मी.”

“अहो काकू, धुवायची ती जाळी. हा धुतला की मेला.”

एवढे बोलून तो नव्या कोळशाची किंमत सांगू लागला. परंतु त्याच्या त्या एका वाक्यात शुद्धीच्या दोन प्रकारांचा निवाडा झाला होता. धातूवरचा मळ वरवरचा, म्हणून जलाने जातो. कोळशाने मळाला आपल्या अंतरंगात जागा दिलेली असते, तिथे पाणी पोचत नाही, पोचलेच तर उरलीसुरली जागाही अडवून बसते. काही कोळसे असे बनवितात की ते धुऊन पुढे भट्टीत सुमारे शंभर अंशांवर तापविले असता बव्हंशी मोकळे होतात. जैन परिभाषेत ही तपाने साधलेली निर्जराच. पण तापविल्यावर निघालेला गंध जातो कोठे? त्याच घरात, क्वचित त्याच स्वयंपाकघरात. आणि बदललेला कोळसा जातो कचऱ्याच्या गाडीतून देवनारच्या किंवा कांजूरमार्गच्या कचराभूमीवर. जैन तत्त्वज्ञानाचे श्रेष्ठत्व मला येथे जाणवते: पुद्गलाचा नाश होतो असा दावा त्याने कधी केलाच नाही. कर्म जीवापासून सुटते आणि लोकाकाशात उरते. मुक्त होतो तो जीव, जग काही त्यामुळे स्वच्छ होत नाही. शुद्धी ही नेहमी कोणाची तरी असते. सर्वांची एकदम होणारी शुद्धी आजवर कोणत्याही यंत्राने किंवा व्रताने साधलेली नाही.

म्हणून त्या आचार्यांनी संवर आधी सांगितला आणि निर्जरा मागाहून. शेगडीवर याचा अर्थ सोपा आहे: तेल धुरावेपर्यंत तापवू नये, कढईवर झाकण ठेवावे, फोडणी पडण्याआधी पंखा सुरू करावा आणि गॅस बंद केल्यावरही दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावा, खिडकी असेल तर ती उघडावी, कारण वाफेला आणि निर्गंध वायूला वाट द्यायला तेवढी एकच जागा आहे. चिमणी असून ओट्यावरच्या फरशांना पाणी सुटते, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. ते पाणी म्हणजे कोळशाने न अडविलेली वाफ, यंत्राचा बिघाड नव्हे.

तरीही हे यंत्र घेणाऱ्या सर्वांचा हेतू आपल्या फुप्फुसांची काळजी हा नसतो, आणि याविषयी न बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुंबईतल्या कित्येक इमारतींत सुकट किंवा बोंबील भाजल्याचा वास जिन्यात आला की कज्जा उभा राहतो. पत्रे जातात, सभेच्या इतिवृत्तात नोंद होते, आणि पुढचा भाडेकरू निवडताना त्याच्या ताटाची चौकशी आडून आडून केली जाते. अशा घरी ही चिमणी बसते ती हवा शुद्ध व्हावी म्हणून नव्हे. आपण काय खातो हे भिंतीपलीकडे कळू नये म्हणून. त्यातही दैवदुर्विलास असा की माशाचा वास ज्या अमाइनांचा असतो, ती साध्या कोळशाला फारशी जुमानत नाहीत. ज्याच्यासाठी यंत्र घेतले, तोच गंध त्यातून पहिल्याने निसटतो. विज्ञानेश्वराची व्यवहार रोखणारी शक्ती इथे पुरेपूर हजर आहे, परंतु तिच्या मुळाशी असायला हवे ते पाप कोठेच सापडत नाही. चुलीवर हिंसा घडते असे म्हणावे तर ती शेजारच्या वरणाच्या चुलीवरही घडतच होती. मनूने त्या बाबतीत कोणत्याही ताटाला सूट दिलेली नाही. तेव्हा जिथे दोष नसून केवळ व्यवहार अडलेला आहे, तिथे प्रायश्चित्त भाजणाऱ्याने घ्यायचे की नाक मुरडणाऱ्याने, हे निबंधग्रंथांच्या आधारे ठरविता येत नाही. आणि सोसायटीच्या उपविधींतून जे ठरते, ते मला मान्य नाही.