कललेल्या भिंतीचा धनी

पावसाळा तोंडावर आला की छत्रपती संभाजीनगरची महापालिका जुन्या शहरातल्या धोकादायक इमारतींच्या मालकांना नोटिसा काढते. गुलमंडी, औरंगपुरा, शहागंज, सराफा या भागांत माती, वीट आणि सागवानाचे जुने वाडे आहेत. त्यांतल्या काहींना वर्षानुवर्षे कुलूप आहे, माळवद खचले आहे आणि वारस गावोगाव पांगले आहेत. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ नुसार आयुक्त अशी इमारत पाडायला किंवा दुरुस्त करायला मालकाला सांगू शकतात. त्याने ऐकले नाही तर पालिकेने पाडावी आणि खर्च त्याच्याकडून वसूल करावा, अशी कायद्याची योजना आहे. प्रत्यक्षात नोटीस दारावर चिकटते आणि पुढच्या वर्षी तिच्यावर दुसरी चिकटते. मग शासनानेच अनुदान द्यावे आणि ही पडकी घरे एकदाची हटवावीत, हा उपाय सहज सुचतो. तो वरवर हिशेबाचा दिसतो, पण आधी धर्माचा प्रश्न सोडवावा लागतो: एकाने सोडून दिलेल्या कर्तव्याची किंमत सर्वांनी का मोजावी?

पहिला आक्षेप याच अंगाने येतो आणि तो हलका नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात स्थळकाळ न पाहता अपात्राला दिलेले दान तामस ठरवले आहे. बापजाद्यांचा वाडा कुजू देणाऱ्याची जागा कराच्या पैशातून मोकळी करून द्यायची, म्हणजे मोक्याच्या ठिकाणचा रिकामा भूखंड त्याच्या हाती आयता ठेवायचा. याहून अपात्री दान कोणते? पण या आक्षेपात दान घेणारा चुकीचा धरला आहे. जुन्या शहरात घर एकटे उभे नसते. भिंत सामाईक असते, एकाच्या फुटक्या पन्हाळीचे पाणी दुसऱ्याच्या पायात मुरते, एकाच्या ओसाड खोलीतले साप-विंचू दुसऱ्याच्या न्हाणीत निघतात. पडका वाडा उतरवला की लाभ पहिल्यांदा शेजाऱ्याला आणि गल्लीतून शाळेत जाणाऱ्या पोराला होतो. मालकाच्या पदरात काही पडत असेल तर ते काढून घेण्याची सोय वेगळी करता येते, आणि करायलाच हवी.

ती सोय कोणत्या तत्त्वावर करायची, याचा फार नेमका विचार मला ‘हिदाया’ या बाराव्या शतकातल्या हनफी धर्मशास्त्राच्या ग्रंथात दिसतो. बुऱ्हानुद्दीन मर्घिनानी याने त्यात रस्त्याकडे कललेल्या भिंतीचा स्वतंत्र विचार केला आहे. भिंत पाडा असे मालकाला साक्षीदारांसमक्ष बजावले, पाडायला पुरेसा वेळ मिळाला आणि तरी त्याने ती ठेवली, तर तिच्याखाली जे नुकसान होईल त्याला तो जबाबदार. बजावण्याचा अधिकार वाटेने जाणाऱ्या कोणालाही आहे, मग तो मुसलमान असो वा नसो. भाडेकरूला बजावून मात्र उपयोग नाही, कारण पाडणे त्याच्या हातात नसते. आणि भिंत पाच जणांची असून एकालाच बजावले असेल, तर त्याच्यावर एक पंचमांश भरपाई. आपल्याकडे विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेने वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानेच हक्क दिला, त्यामुळे वाड्यांचे वाटेकरी पिढीगणिक वाढत गेले. हक्क वाटला जातो तेव्हा कोणी कुरकुरत नाही. जबाबदारीची पाळी आली की मात्र वाडा ‘सगळ्यांचा’ होतो. हिस्सा पाचवा असेल तर दोषही पाचवा, हे त्या जुन्या न्यायपंडिताला दिसले होते.

म्हणून माझे म्हणणे असे की वाडा उतरवायला सार्वजनिक पैसा जरूर वापरावा, पण तो दान म्हणून नव्हे, मालकाच्या वतीने केलेली उचल म्हणून. ही रक्कम हिश्शाप्रमाणे मालमत्ता पत्रकावर बोजा म्हणून चढावी आणि विक्री, वाटणी किंवा नव्या बांधकामाच्या परवानगीच्या वेळी आधी फेडली जावी. एखादी विधवा किंवा हातावर पोट असलेला वारस फेडू शकणार नाही, हे खरेच आहे. माफी द्यायची ती त्यांना द्यावी, कारण दानाला पात्र माणूस इथे सापडतो. आजची अनुदाने याच्या उलट चालतात. पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळत आले, पण जागेचे कागद स्वच्छ हवेत. सामाईक वाड्यातल्या गरीब हिस्सेदाराकडे नेमके तेच नसतात.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे. पाडकामाला निधी मिळाला की बुलडोझर कोणत्या मोहल्ल्यात आधी शिरेल? संमिश्र वस्तीच्या या शहरात ही शंका हसून उडवण्यासारखी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी आरोपींची घरे पाडण्याच्या प्रथेवर बोट ठेवले आणि पाडण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची केली. पडायला आलेल्या इमारतींच्या कायद्याला तो निकाल हात लावत नाही, पण त्यामागची सावधगिरी इथेही लागू पडते. त्याच्याच आठवडाभर आधी, मुंबईतल्या जुन्या मोडकळीस आलेल्या इमारतींच्या संपादनातून उद्भवलेल्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने सांगितले होते की प्रत्येक खासगी मालमत्ता ही आपोआप समाजाची साधनसंपत्ती होत नाही. मला हे बंधन मान्य आहे. शेजाऱ्याचा अधिकार धोका हटेपर्यंतच पोचतो. खालची जमीन मालकाची राहते, बोज्यासकट.

राहतो प्रश्न पाडण्याच्याच घाईचा. अमेरिकेत कर्ज थकल्याने घर गमावणाऱ्यांना वाचवण्यासाठी २०१० साली काढलेला निधी पुढे डेट्रॉइटसारख्या शहरांत ओसाड घरे पाडायला वळवला गेला. गल्ल्या मोकळ्या झाल्या हे खरे; पण त्यातला काही पैसा वेळेवर माणसांपर्यंत पोचता तर काही घरे ओसाड पडलीच नसती. आपल्याकडे जीर्णोद्धाराला पुण्य मानले आहे. शहराजवळच वेरूळला अहिल्याबाई होळकरांनी घृष्णेश्वराचे मंदिर नव्याने उभे केले. स्मार्ट सिटीच्या पैशातून शहराच्या काही दरवाजांची डागडुजी झाली, तीही चांगलीच. दरवाजाला भांडणारे वारस नसतात, म्हणून ती सोपीही होती. वाड्याचे तसे नाही. त्यामुळे अनुदान येईल तेव्हा त्याच्या अटींत एक क्रम लिहून ठेवावा: राहते पण खचत चाललेले घर टेकू देऊन वाचवता येत असेल तर पहिला रुपया त्याला, आणि आत कोणी राहतच नाही, वारस ऐकतच नाहीत, अशा वाड्यावर पहार त्यानंतर.