गृहिणीचे माप

वैशाखाच्या उन्हात आमच्या गृहिणी पावसाळ्याची बेगमी करितात. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजवून रोज पाणी पालटावे लागते. ऊन अपुरे मिळाले तर कुरडयांस बुरशी येते. कैरीच्या लोणच्यात मीठ कमी पडले तर सारी बरणी नासते. म्हणून ती घरची माणसे मोजते, पावसाचे चार महिने मोजते, आणि मगच माप भरते.

याच दिवसांत लग्ने होतात. तेव्हा हे माप कोठे जाते? जेथे मिठाची चिमूट मोजली, त्याच घरात लोकनिंदेच्या भयाने सावकाराच्या कागदावर अंगठा उठतो. जेवणावळ एका दुपारची, व्याज वर्षानुवर्षांचे!

कोणी म्हणतील, आनंदाच्या वेळी मोजणे हा कृपणपणा होय. आम्हांस तसे वाटत नाही. श्रावणात अवचित येणाऱ्या पाहुण्याचे ताटही गृहिणीच्या हिशेबात असते. कृपण मोजतो तो द्यावे लागू नये म्हणून. ती मोजते ती देता यावे म्हणून.

तर वाचकहो, लग्नाची यादी करावयास बसाल तेव्हा प्रथम तिचा सल्ला घ्या. एक पक्वान्न कमी वाढले तर पाहुणा ते चार दिवसांत विसरतो. परंतु ज्या लेकराच्या ताटातून कर्ज फेडावे लागते, ते लेकरू विसरत नाही.